सॅमनच्या उडीचा हिशोब

सॅमन मासा अंडी घालायला समुद्रातून नदीत शिरतो आणि वाटेतले धबधबे उडी मारून चढतो. त्याबद्दल "पोहणं स्वस्त, उडी म्हणजे ऊर्जेची उधळपट्टी" असं एक मत आहे, ते मला अर्धंच पटलं. आकडे मांडून बघा. ४ किलोचा सॅमन २ मीटर उंच उडाला, तर वजन वर न्यायला साधारण ८० ज्यूल लागतात. स्नायूंची कार्यक्षमता अगदी १० टक्के धरली तरी ८०० ज्यूल. एक ग्रॅम चरबीत याच्या चाळीस पटींहून जास्त ऊर्जा असते! म्हणजे एक उडी तशी स्वस्तच.

महाग पडतो तो वेग. २ मीटर उंची गाठायला पाण्यातून सुटताना सेकंदाला सव्वासहा मीटरच्या आसपास वेग हवा, आणि तो काही क्षणांत मिळवायचा असतो. संथ पोहण्याचे लाल स्नायू इथे पुरत नाहीत. पांढरे स्नायू ऑक्सिजनची वाट न बघता साठवलेलं ग्लायकोजेन (स्नायूंतला साखरेचा साठा) जाळतात, त्यातून उरणारं लॅक्टेट साचतं आणि ते निवळायला कित्येक तास जातात. त्यामुळे धबधब्याखाली लागोपाठ उड्या फसल्या की मासा थकून तळाशी थांबू शकतो, अंगात भरपूर चरबी शिल्लक असूनही. नदीत शिरल्यावर तो जवळपास काही खात नाही, हेही लक्षात घ्यायला हवं.