२०३८ची तारीख आणि वीजकेंद्रं: आतापासून घाई कशाला?

ऐरोलीकर
परवा कंपनीत नव्या रिलेंच्या (बिघाड दिसताच लाइन तोडायला लावणाऱ्या पेट्यांच्या) टेंडरवरून वाजलं, म्हणून धागा. १९ जानेवारी २०३८, मंगळवार, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. ठाणे स्टेशनात पाय ठेवायला जागा नसते ती वेळ. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या यंत्रांचा आकडा तेव्हा भरतो आणि पुढच्याच सेकंदाला त्यांच्यालेखी १९०१चा डिसेंबर उजाडतो. सब-स्टेशनातली पेटी एकदा बसली की पंधरा-वीस वर्षं कोणी हलवत नाही. मग २०३८ नंतरही चालली पाहिजे ही अट आत्ताच नको का घालायला? साहेब म्हणतात, वायटूकेला, म्हणजे २००० साल उजाडताना दोन आकडी सालाचा घोळ होणार होता तेव्हा, काय झालं होतं?

मीटरमामा
साहेबांचं बरोबर आहे. टर्बाइनला तारीख कळत नाही. गव्हर्नर (टर्बाइनचा वेग सांभाळणारा) फेरे बघतो, रिले करंट बघतो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाणे-नवी मुंबई ठप्प झाली ती कळवा-पडघ्याच्या लाइनी गेल्या म्हणून, कॅलेंडरमुळे नाही. पैसा तिकडे लावा. वायटूकेत सल्लागारांचं भलं झालं, बाकी काय?

निवृत्त शिफ्टवाला
मामा, काही झालं नाही कारण आम्ही जागे होतो. ९९च्या पावसाळ्यात ओव्हरहॉलला युनिट बंद असताना घड्याळ ३१ डिसेंबर, २३:५५ वर नेलं आणि बघत बसलो. चहा गार झाला. बारा वाजले. बॉयलर जागच्या जागी, पण अलार्म प्रिंटरनं सालाच्या जागी ०० छापलं आणि नवे अलार्म ९९च्या खाली जाऊन बसले. हसू नका. ट्रिपनंतर (युनिट आपोआप बंद पडल्यावर) आधी कुठला ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा स्विच, उघडला हे मिलिसेकंदांच्या क्रमावरून शोधतात. तोच खोटा असेल तर युनिट परत कशाच्या भरवशावर घ्यायचं? (घड्याळ मागे आणायला अख्खी शिफ्ट गेली, ते वेगळंच पुराण.)

मीटरमामा
क्रम चुकला, मान्य. वीज गेली का?

गौरी_घणसोली
न्यूझीलंडच्या टिवाई पॉइंटचा अ‍ॅल्युमिनियम कारखाना घ्या. १९९६ लीप वर्ष, आणि ३१ डिसेंबर हा ३६६वा दिवस नियंत्रण-संगणकांच्या हिशेबातच नव्हता. मध्यरात्री सगळे एकदम थांबले, भट्ट्या जास्त तापून खराब झाल्या. दोन तासांनी टास्मानियात बेल बेला तेच, कारण तिथे मध्यरात्र दोन तास उशिरा होते. मामा, भट्टीलाही तारीख कळत नव्हती. एरवी एक पेटी मेली तर स्टँडबाय सांभाळते. इथे स्टँडबायही त्याच सेकंदाला जाते.

ऐरोलीकर
पण अट लिहू कशी? 'चालेल' असा शिक्का व्हेंडर डोळे मिटून मारतो.

निवृत्त शिफ्टवाला
शिक्का नकोच. फॅक्टरीत तपासणीला जाल तेव्हा त्याच्यासमोर तारीख पुढे न्या, ट्रिप द्या, लॉगची प्रिंट घ्या. मग पेटी बंद करून परत चालू करा. चालू असताना शहाण्यासारखी वागते, रीस्टार्टला गळपटते.

मीटरमामा
एवढंच असेल तर माझी ना नाही. वेगळा सल्लागार नेमलात तर मात्र परत येतो इथे.