फ्रेंच पद्धतीची भाजलेली कोंबडी : छातीचे मांस कोरडे का पडते?

पाऊलवाट : फ्रेंच पद्धतीने, म्हणजे केवळ लोणी, मीठ, लसूण आणि थाइम (एक सुगंधी पाला) लावून, दीड किलोची अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये भाजली, परंतु मांडी शिजेपर्यंत छातीचे मांस कोरडे पडले आणि कातडीही मऊच राहिली. काय चुकले असावे?

सायली_ल्यों : आदल्या रात्री कोंबडी पुसून, आतबाहेर मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडीच ठेवावी, कारण त्यामुळे मीठ आत मुरते आणि कातडी वाळून पुढे कुरकुरीत होते. २०० अंश सेल्सिअसवर भाजताना ती प्रथम वीस-वीस मिनिटे एकेका कुशीवर ठेवावी, म्हणजे मांड्यांना अधिक आच लागते, आणि त्यानंतरच छाती वर करावी. इथे फ्रान्समध्ये मी हेच शिकले.

चुलाणा : घड्याळापेक्षा तापमापकावर विश्वास ठेवावा. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश दिसले की कोंबडी बाहेर काढून पंधरा मिनिटे तशीच ठेवावी.

सायली_ल्यों : अगदी योग्य. तेवढ्या वेळात ट्रेमधील रसावरची जास्तीची चरबी काढून, थोडे पाणी घालून तळाचा खरवड सोडवावा आणि उकळून गाळावा. माझ्या मते या जेवणाचा खरा स्वाद त्या रसातच असतो.

पाऊलवाट : मनःपूर्वक आभार. मी कोंबडी सरळ ओलीच ओव्हनमध्ये ठेवली होती.