पातळ, रुंद, तिरका फॉन्ट म्हणजे मॉडर्न?

कोथरूडची_डिझायनर: पुण्यातल्या पाट्या नि पत्रिका बघवत नाहीत आता, तीच जाड शिरोरेषा, तीच दाटी. लाइट, वाइड, किंचित तिरका जिऑमेट्रिक सॅन्स (वर्तुळ-रेघांचा, बिनशेपटीच्या अक्षरांचा फॉन्ट) वापरा की! अक्षराला वेग येतो, एकदम उद्याचं वाटतं.

नारायणपेठी: हे वाचून राहवलं नाही. उद्याचं कसलं डोंबलाचं, याच जातीचा पॉल रेनरचा फ्युचुरा फॉन्ट १९२७ चा! आणि रोमन म्हणजे इंग्रजी अक्षरांचं देवनागरीत चालत नाही. अक्षर नुसतं ढकलून तिरकं केलं की वरची वेलांटी उजवीकडे, खालचा उकार डावीकडे, रफार नि अनुस्वार एकमेकांच्या अंगावर. बहिणीची पत्रिका हट्टाने अशाच फॉन्टात केली, वर सोनेरी फॉइल. बारीक रेघा तुटल्या, 'कार्यालय'मधल्या रफाराचा ठिपका उरला आणि आत्या फोन करून विचारतेय, नक्की यायचं कुठे?

कोथरूडची_डिझायनर: हा फॉइलचा दोष, फॉन्टचा नाही. नुसतं ढकलायचं नसतंच, तिरकं करून गोलाई आणि मात्रा परत काढाव्या लागतात. आणि १९६९ साली अपोलो ११ ने चंद्रावर ठेवलेली पाटी फ्युचुरातच आहे.

नारायणपेठी: सरळ कॅपिटल अक्षरांत आहे ती, तिरकी नाही!

मराठी_ल: तिरका सरळ नंतर भांडा, आधी ल आणि श मराठी आहेत का बघा. अर्ध्या पुण्याच्या फ्लेक्सवर हिंदी वळणाचा ल असतो. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात पाकळीचा ल नि देठाचा श दिलाय, तरी कोणी बघत नाही.

कर्वेरोडकर: वाचता येतो ना? मग कशाला एवढं? माझी आई इंदूरला शिकली, तिचा ल तसाच आहे, ती काय मराठी नाही का?

मराठी_ल: आईंच्या हातच्या अक्षराबद्दल कोण बोलतंय? दुकानाची पाटी पोरं रोज वाचतात आणि तेच वळण गिरवतात. माझ्या मुलीच्या वहीत हिंदी ल आला तेव्हा पोटात तुटलं. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की झालं. तेवढंही करायचं नाही म्हणजे आळस आहे, दुसरं काही नाही.

कर्वेरोडकर: आळशी कोणाला म्हणताय? वीस वर्षं डीटीपी करतोय, गिऱ्हाईक संध्याकाळी मजकूर देतं आणि सकाळी फ्लेक्स मागतं.

कोथरूडची_डिझायनर: ल चं बरोबर आहे, माझ्याकडूनही राहिलंय ते. पण मूळ मुद्दा कुठे गेला?

नारायणपेठी: मूळ मुद्दा हा की रुंद आणि पातळ केलं की शिरोरेषा लांबते आणि अक्षरं वाळत घातल्यासारखी लोंबतात. मागून दिवा असलेल्या पाटीवर तर उजेडच बारीक रेघ खातो. वधूवरांच्या नावापुरता, मोठ्या आकारात, चालेल एक वेळ. पत्ता नि मुहूर्त मात्र सरळ आणि मध्यम जाडीतच.

कोथरूडची_डिझायनर: नावापुरता का होईना, मानलंत. नमुना करते, आत्यांना दाखवा.

मराठी_ल: करताना भाषा मराठी ठेवा.