नवशिक्याच्या गळ्यात रॉकर बोर्ड मारू नका

कमानदार (न्यू जर्सी)

ऑफिसातल्या एका मुलाने परवा विचारलं, "दादा, पहिला स्नोबोर्ड कोणता घेऊ?" दुकानात त्याला रॉकर सुचवला होता, नवशिक्याला सोपा म्हणून. मी म्हटलं, अजिबात घेऊ नकोस. त्यावर जेवणाच्या सुट्टीत जी जुंपली, तीच इथे आणतोय.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांनी एखादा बोर्ड फरशीवर ठेवून बाजूने बघावा. मधला भाग उचललेला असेल आणि बोर्ड फक्त नोज-टेलजवळ (पुढच्या-मागच्या टोकांजवळ) टेकत असेल, तर तो कॅम्बर. खालून पोस्टकार्ड सहज सरकतं. रॉकर याच्या बरोबर उलटा: पोट टेकलेलं आणि दोन्ही टोकं उन्हात वाळलेल्या पापडासारखी वर आलेली. बाकी फ्लॅट, हायब्रिड वगैरे यांचीच पोटजात.

मी पहिले तीन सीझन रॉकरवर काढले. वीकेंडला व्हरमाँट. आमच्या पूर्वेकडे बर्फ म्हणजे आदल्या दिवशी पाऊस, रात्री गोठण, सकाळी वरून यंत्र फिरवलेलं. खरखर आवाज येतो. त्यावर हील साइडला, म्हणजे टाचांच्या बाजूला, वळताना बोर्ड माझ्या आधी वळायचा आणि मग वळतच राहायचा! तरी मला वाटायचं आपल्याला येतंय, कारण मागचा पाय झाडूसारखा फिरवला की दिशा बदलायची.

चौथ्या वर्षी मित्राचा कॅम्बर घेतला. पहिले दोन तास बुडावर. दुपारी लिफ्टमधून खाली बघितलं तर माझी रेघ दिसली, पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक. तीन वर्षं मी फक्त फराटे काढत होतो. रॉकर चुका माफ करतो म्हणतात. माझं म्हणणं, तो चुका लपवतो.

सिअ‍ॅटलकर

तुमचा बर्फ म्हणजे जगाचा बर्फ नव्हे हो. व्हरमाँटला बर्टन या बोर्ड कंपनीची गादी आहे, त्यामुळे तुमच्याकडे कॅम्बरचं सोवळं जास्त. आमच्या वॉशिंग्टन राज्यात लिब टेक कंपनीवाल्यांनी पायांच्या मध्ये रॉकर असलेला 'बनाना' काढला आणि त्यासोबत ब्रेड कापायच्या सुरीसारखी नागमोडी एज (बोर्डची धातूची कड) दिली. म्हणजे कडक बर्फावर पकड सुटते हे त्यांनाही ठाऊक होतं आणि त्यावर त्यांनी इलाजही केला.

इथल्या माउंट बेकरवर १९९८-९९ च्या एका हिवाळ्यात १,१४० इंच बर्फ पडला होता. म्हणजे २९ मीटर, नऊ-दहा मजली इमारत! असल्या मऊ बर्फात कॅम्बरची नोज खाली खुपसते. ती वर ठेवायला सगळं वजन मागच्या पायावर घ्यावं लागतं, आणि तिसऱ्या फेरीला मांडी पेटते. तिथे तुमची पेन्सिलची रेघ कोण बघतंय?

गुलमर्गवेडी (पुणे)

कमानदार, तुम्ही वीकेंडला जाता. मी वर्षातून सात दिवस जाते, तेही रजा, विमान आणि हवामान जुळलं तर. बेचाळिसाव्या वर्षी शिकायला लागले.

भाड्याच्या दुकानात जो बोर्ड हातात दिला तो कॅम्बर होता, हे मला नंतर कळलं. उतारावर निभलं. मार बसला तो सपाटीवर! गंडोला (रोपवे) स्टेशनकडे परतताना जवळजवळ सपाट रस्ता लागतो, माणूस निवांत उभा असतो, आणि खालच्या बाजूची एज बर्फात रुतते. रुतली हे कळायच्या आत डोकं मागे आपटलेलं असतं. हेल्मेट होतं म्हणून हे लिहितेय. दुसऱ्या वर्षी रॉकर घेतला आणि पहिल्यांदा मजा आली. त्याची टोकं वर असतात, त्यामुळे एज अशी सहजासहजी अडकत नाही. सात दिवसांतले चार दिवस बुडावर बसून मला 'शुद्ध तंत्र' नकोय.

कमानदार

@गुलमर्गवेडी, पण तीच तर शिकवण आहे ना? बोर्ड कधीच सपाट ठेवायचा नाही, सपाटीवरसुद्धा किंचित एका एजवर राहायचं. कॅम्बर हे पहिल्याच दिवशी शिकवतो.

गुलमर्गवेडी (पुणे)

शिकवू दे की. डोक्याच्या मागच्या बाजूने नको.

पाटेवाला (चाकण)

मी उभ्या आयुष्यात एकदाच औलीला बोर्डवर उभा राहिलोय, पण सस्पेन्शनमध्ये वीस वर्षं घासलीत, म्हणून मध्ये तोंड घालतो.

कॅम्बर म्हणजे ट्रकचे पाटे. रिकामा असताना कमान, माल भरला की सरळ, आणि सरळ होताना जोर टोकांकडे जातो. बोर्डवर तुम्ही उभे राहिलात की कमान दबते आणि नोज-टेलजवळची एज बर्फात दाबली जाते. वळताना पूर्ण लांबीची एज कामाला लागते, म्हणून ती बारीक रेघ. उडी मारताना जो उसळा मिळतो तोही याच कमानीचा. रॉकरमध्ये जोर दोन पायांच्या मध्ये गोळा होतो. बोर्ड भोवऱ्यासारखा मधल्यामध्ये फिरतो आणि टोकं हवेत. वेग वाढला की ती फडफडतात.

इथवर कमानदार बरोबर. पण दोन गोष्टी कोणीच बोलत नाहीये.

एक, पाटे बसतात. जुन्या ट्रकची मागची बाजू बघा. भाड्याचा, चार-पाच सीझन रगडलेला कॅम्बर हा नावापुरताच कॅम्बर. त्यावरून मत बनवू नका.

दोन, पाटे मालाच्या हिशोबाने लावतात. दहा टनांचे पाटे छोट्या टेम्पोला लावलेत तर ते दबणारच नाहीत, गाडी दगडासारखी आपटेल. बाई, तुम्हाला दिलेला बोर्ड किती लांबीचा होता? आणि वजन विचारलं तर रागावू नका.

गुलमर्गवेडी (पुणे)

रागावत नाही. ५२ किलो. बोर्डवर १५८ (सेंटीमीटर) लिहिलं होतं. दुकानात तेवढा एकच शिल्लक होता.

कमानदार

१५८!! अहो, १५८ मी वापरतो आणि मी ७८ किलोचा आहे. तुम्हाला १४५ च्या आसपास हवा होता. तुम्हाला दिला तो बोर्ड नव्हता, दाराची फळी होती. कॅम्बरला कशाला बोल लावता?

गुलमर्गवेडी (पुणे)

मान्य, पण अर्धंच. गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर गंडोला जवळजवळ चार हजार मीटरवर सोडतो. ताजा बर्फ पडून गेल्यावर तिथे गुडघाभर पावडर असते, आणि तिथे मला नोज वरच हवी. मापाचा कॅम्बर मिळाला तरी ती मला हाताने उचलून धरता येणार नाही.

स्कीवाला_काका

स्नोबोर्डवाले उताराच्या मध्ये पिकनिकला बसतात यावर आधी धागा काढा. असो. पावडरमध्ये उलटी कमान हा शहाणपणा स्कीवाल्यांचाही आहे बरं का. शेन मॅकॉन्की या स्कीयरने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच उलट्या कमानीची 'स्पॅच्युला' आणली होती. मऊ बर्फ पाण्यासारखा वागतो, म्हणून कल्पना घेतली वॉटर स्कीवरून. होडीचं नाक वर का असतं, हे कोळ्याला कोणी शिकवावं लागत नाही.

सिअ‍ॅटलकर

काका, जिंकलात. म्हणूनच आता बरेच फ्रीराइड (तयार उतार सोडून चालवायचे) बोर्ड नोजला रॉकर आणि पायाखाली कॅम्बर असे येतात. शेपूट नोजपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर अरुंद केली की ती आपोआप बुडते आणि नोज वर राहते. मांडी वाचते.

@कमानदार, एक प्रामाणिक उत्तर द्या. त्या रॉकरच्या एजला तीन वर्षांत धार कितीदा लावलीत?

कमानदार

...एकदा. तीही दुसऱ्या वर्षी.

सिअ‍ॅटलकर

हां! बोथट सुरीने टोमॅटो चिरला आणि विळी चांगली असं ठरवलं.

कमानदार

धारेचं घेतो पदरात. पण त्याच बोथट हातांनी मित्राचा कॅम्बर चालवला, त्यालाही कोणी धार लावलेली नव्हती, आणि रेघ त्यावरच उमटली. कडक बर्फावर शिकणाऱ्याने कॅम्बरच घ्यावा, मऊ आणि मापाचा. गुलमर्ग, तुमचं बेकर, जपान इथलं तुमचं तुम्ही बघा. मी व्हरमाँटपुरतं बोलतोय, असं शीर्षकात लिहायला हवं होतं. आता बदलता येत नाही.

पाटेवाला (चाकण)

आणि त्या ऑफिसातल्या पोराने शेवटी काय घेतलं?

कमानदार

हायब्रिड. कॅम्बर-रॉकर काही बघितलं नाही, सेलमध्ये निम्म्या किमतीला होता म्हणे.

गुलमर्गवेडी (पुणे)

लांबी किती?

कमानदार

१६०.

गुलमर्गवेडी (पुणे)

आणि वजन?

कमानदार

उद्या विचारतो. दिसतो तरी ५५ च्या आतबाहेर.