कुत्रा झाडाखालचे सिकाडा खातोय, किती घाबरायचं?

जांबोटी_आवार
घर जांबोटीजवळ, आवारात फणस, आंबा, काजू. वळवाचा पाऊस झाल्यापासून झाडांवर सिकाडांचा, म्हणजे त्या किर्र आवाज करणाऱ्या किड्यांचा, नुसता कल्लोळ आहे. सकाळी बुंध्याशी टरफलं आणि अर्धमेले किडे पडलेले असतात. ८ महिन्यांचा मुधोळ जातीचा कुत्रा आहे, वजन १८ किलो, दिसेल तो किडा गिळतो. कालपासून २ उलट्या झाल्या, त्यात पंख आणि टरफलं होती. पाणी पितोय, खेळतोय. हा किडा विषारी असतो का? शेजारचे अण्णा म्हणतात, मिठाचं पाणी पाजून पोट रिकामं करा. करू का?

जनावर_दवाखाना_खानापूर
मिठाचं पाणी अजिबात पाजू नका. रक्तातलं मीठ वाढलं की कुत्र्याला थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. उलटी व्हायची तेवढी त्याची त्याला होतेच आहे.

सिकाडा विषारी नाही आणि नांगीही मारत नाही. त्याची सोंड झाडाचा रस ओढण्यापुरती. त्रास होतो तो कडक कवचाचा, कारण ते नीट पचत नाही. दोन-चार किडे गेले तर काही बिघडत नाही. रोज मूठ-मूठ गेले तर पोटाचं अस्तर दुखावतं, उलट्या-जुलाब लागतात आणि क्वचित कवचांचा गोळा आतड्यात अडकतो. लहान चणीच्या कुत्र्याच्या घशातही किडा अडकू शकतो.

तुमच्या कुत्र्याला आज ६ ते ८ तास खायला देऊ नका. पाणी बंद करायचं नाही, पण भांडंभर एकदम पुढे ठेवलं तर तो गटागट पितो आणि पुन्हा ओकतो. दर अर्ध्या तासाला २-३ मोठे चमचे द्या. उलटी थांबली की मऊ भात आणि उकडलेली कोंबडी, हाडाशिवाय. मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नको. नेहमीच्या चौथाई एवढा घास, दिवसातून ४ वेळा. २ दिवस असं चालवून मग हळूहळू रोजचं खाणं. तीन-चार महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर मात्र उपाशी ठेवू नका, थेट दाखवा. माणसांच्या जुलाबाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या कुठल्याच कुत्र्याला नकोत.

उलट्या थांबेनात, उलटीत किंवा शौचात रक्त दिसलं, हिरड्या फिकट पडल्या, दिवसभर शौच नाही आणि खाणंही नाही, किंवा तोंड सुजून अंगावर गांधी उठल्या तर बेळगाव गाठा. मुधोळची छाती खोल असते, म्हणून आणखी एक लक्षात ठेवा. ओकायला करतोय पण बाहेर काहीच येत नाही, पोट ढोलासारखं ताणलंय, एका जागी बसवत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. पोट पिळलं गेलेलं असू शकतं आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

ऊसपट्टा_निपाणी
वरचं सगळं बरोबर. पण मला सिकाडापेक्षा भीती वाटते ती हुमणीच्या, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीच्या, भुंगेऱ्यांची. तेही याच वळवाच्या पावसानंतर निघतात आणि संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. ऊसवाले त्या झाडांवर क्लोरपायरीफॉससारखं औषध मारतात. मग झाडाखाली जे मरून पडतं, ते भुंगेरं असो की सिकाडा, त्याच्या अंगावर औषध असतं. असे किडे खाल्ल्यावर लाळ गळणं, डोळ्यांत पाणी, बाहुल्या बारीक होणं, जुलाब, अंग थरथरणं दिसलं तर घरी काही पाजू नका. डॉक्टर त्या विषावर अ‍ॅट्रोपिनचा उतारा देतात, म्हणून औषधाचा डबा किंवा लेबलचा फोटो बरोबर घेऊन जा.

भुंगेरे पकडायला दिव्याखाली रॉकेल मिसळलेल्या पाण्याचं घमेलं ठेवतात, तेही झाकून किंवा उंचावर हवं. कुत्रा ते प्याला तर ओकवायचं नाही. वर येताना रॉकेल फुफ्फुसात गेलं की जास्त नुकसान करतं.

जांबोटी_आवार
आभारी आहे. आमच्याकडे फवारणी नाही, शेजारी काजूवाल्यांना विचारतो. दिवसभर तोंड बांधून ठेवलं तर चालेल का?

श्वान_शिकवणी_बेळगाव
कापडी पट्टीने तोंड आवळू नका. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो, मे महिन्यात तोंड बंद ठेवलं तर उष्माघात होईल. जाळीचं मुसकं घ्या, आत जबडा पूर्ण उघडून जीभ बाहेर काढता आली पाहिजे. तेही फिरवायला नेताना, १५-२० मिनिटांपुरतं आणि तुमच्या नजरेसमोर. आधी २-३ दिवस मुसक्यात खाऊ ठेवून नाक घालायला शिकवा, नाहीतर पंजाने ओरबाडून काढतो.

खरा उपाय झाडूचा. सिकाडाची पिल्लं संध्याकाळनंतर जमिनीतून वर येऊन खोडावर कात टाकतात, म्हणून पहाटे कुत्रा सोडण्याआधी बुंध्याभोवती दोन-तीन हात जागा झाडून घ्या आणि टरफलं झाकणाच्या बादलीत टाका. अंगणातला दिवा रात्री बंद. जमिनीत बोटाएवढी भोकं दिसतील तिथे तो उकरत बसतो, तेवढा भाग जाळीने झाका.

आणि 'सोड' शिकवाच. एका मुठीत साधं बिस्कीट, दुसऱ्या हातात चिकनचा तुकडा. मूठ हुंगायचं सोडून मागे हटला की त्याच क्षणी 'सोड' म्हणून चिकन द्या, मुठीतलं कधीच द्यायचं नाही. ५ मिनिटं, दिवसातून ३ वेळा. मुठीवर जमलं की जमिनीवर टाकून, मग दोरी लावून झाडाखाली. तोंडात बोट घालून ओढून काढायला गेलात तर तो पुढचा किडा आणखी घाईने गिळेल.

जनावर_दवाखाना_खानापूर
याच दिवसांत खरखरीत अंगाचे मोठे बेडूकही निघतात. बेडूक चाटून कुत्र्याच्या तोंडाला फेस आला तर डोकं खाली करून नळाचं पाणी तोंडाच्या बाजूने बाहेर वाहील असं १० मिनिटं सोडा, घशात जाऊ देऊ नका, आणि लगेच दवाखान्यात फोन करा.