मदत हवी आहे: सजेशन बॉक्स रिकामाच राहतोय, काय करू?

नमस्कार मंडळी, भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, २२ जण, चार सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) आणि दोन जुने लेथ. मागच्या दिवाळीला मोठ्या हौसेने सजेशन बॉक्स लावला, कारण टोयोटाने १९५१ सालीच कामगारांकडून कल्पना मागवायची पद्धत सुरू केली असं ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं, म्हटलं आपणही करून बघू. आठ महिन्यांत चिठ्ठ्या किती, तर पाच! त्यातल्या दोन चहाबद्दल (चहा खरंच पाणचट असतो, ते जाऊदे).

पण गंमत बघा, परवा लेथवरच्या मामांनी भंगारातल्या पट्टीचा स्टॉपर करून लावला, आता जॉब (म्हणजे घडवायचा तुकडा) टेकवला की झालं, दरवेळी मोजत बसायला नको, सेटिंगला २० मिनिटं लागायची तिथे ७ लागतात. विचारलं मामा चिठ्ठी का नाही टाकली, तर म्हणाले, "साहेब, वेळ वाचला की तुम्ही टार्गेट वाढवणार, मग आम्हाला काय मिळालं?" मला उत्तरच सुचलं नाही, कारण मागे आम्ही तेच केलंय.

तर कुणी बचतीतला वाटा कामगारांना देऊन बघितलाय का, किती आणि कसा, पगारात की रोख? टार्गेट सहा महिने वाढवणार नाही असं लिहून दिलं तर चालेल का? आणि आमची निम्मी पोरं यूपी-बिहारची, मराठीत चिठ्ठी कुठून लिहिणार, व्हॉट्सॅपवर व्हॉइस मेसेज घेतले तर? सुपरवायझरला कसं समजवायचं तेही सांगा, तो आधीच फुगलाय.