संत्रा बर्फीच्या डब्यावर संत्रं काढायलाच हवं का?

डायलाइन (धागाकर्ता)

नागपूर स्टेशनच्या आसपास मिठाईच्या कुठल्याही काउंटरवर नजर टाका. संत्रा बर्फीचे पाच-सहा दुकानांचे डबे आणि सगळ्यांवर तेच ते: नारंगी पार्श्वभूमी, अर्धं कापलेलं फळ, दोन हिरवी पानं, वर पाण्याचे थेंब. नाव झाकलं तर कुठला डबा कोणाचा हे ओळखणं अवघड. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, चित्र काढून टाका. जी खूण सगळ्यांकडे आहे ती खूण राहतच नाही.

बोलायला सोपं जावं म्हणून एक डबा धरू. अर्धा किलो, चार बाय चार असे १६ तुकडे, म्हणजे साधारण १५० × १५० × ३० मिमी, झाकण आणि तळ वेगळे, ३५० जीएसएम बोर्ड (दर चौरस मीटरला ३५० ग्रॅमचा पुठ्ठा). त्यावर पांढरी पार्श्वभूमी, ‘संत्रा बर्फी’ ही अक्षरं १४ मिमी उंच, खाली दुकानाचं नाव, बस्स. दोन मीटरवरून वाचता येतं. शिवाय गडद रंग घडीवरून गेला की क्रीझवर शाई तडकते आणि पांढरे तंतू उघडे पडतात. पांढऱ्या डब्यात तो प्रश्नच नाही. पॅकेजिंगमध्ये चांगलं डिझाइन म्हणजे अक्षर, मोकळी जागा आणि बांधणी. चित्र हा वरचा मेकअप.

कुंचला_महाल

चित्र वाईट म्हणून चित्रच नको, हा न्याय अजब आहे. भाजी करपली म्हणून चूल फोडायची का?

त्या डब्यांवर आपलं संत्रं नसतंच, खरा दोष तिथे आहे. चित्रसंग्रहातून उचललेलं, घट्ट सालीचं, चेंडूसारखं गोल परदेशी ऑरेंज असतं, सुरीने मधोमध कापलेलं. नागपुरी संत्रं कोणी सुरीने कापतं का? कापतात ती मोसंबी. आपलं संत्रं अंगठ्याने सोलतात. ते वरून-खालून किंचित चपटं, देठापाशी बऱ्याचदा छोटीशी मान, साल सैल आणि आतून पोकळ सुटलेली. दहा-बारा फोडी सहज वेगळ्या होतात, मधला गाभा रिकामा असतो आणि फोडींवर पांढऱ्या शिरांचं जाळं राहतं. साल सोलून फुलासारखी उघडी पडलेली आणि बाजूला दोन फोडी, एवढं नीट काढलं तर ते चित्र मुंबईच्या किंवा इंदूरच्या डब्यावर जाऊच शकत नाही. नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फळाची एवढी स्वतंत्र ओळख असताना डब्यावर दुसरंच फळ छापायचं आणि वर म्हणायचं की चित्राने ओळख पटत नाही!

काढतानाही चुका ठरलेल्या. सावली काळ्या रंगाने टाकली की फळ सडकं दिसतं. सावलीसाठी मजेंटा (छपाईचा गडद गुलाबी) वाढवायचा, खोल भागात १५-२० टक्के सायन (छपाईचा निळा), काळा जवळपास नाही. सालीवरची तेलाची बारीक छिद्रं एकसारख्या अंतराने ठिपके मारून दाखवू नका, छपाईच्या जाळीशी त्यांचं भांडण होऊन लाटा उमटतात. ठिपके विरळ-दाट हवेत, प्रकाशाच्या कडेला जास्त, मध्ये जवळपास नाहीतच. आणि थेंब काढणं बंद करा. बर्फीला पाणी सुटलंय असं वाटतं.

ऑफसेटवाला

दोघेही स्क्रीनवर भांडताय. मशीनवर काय होतं ते बघा.

तो चमकदार नारंगी छपाईच्या चार रंगांत (सायन, मजेंटा, पिवळा, काळा) येतच नाही. मजेंटा ५५-६० टक्के, यलो १००, बाकी शून्य, हा साधारण हिशोब. मजेंटा थोडा चढला की संत्र्याचा टोमॅटो होतो, सायन ८-१० टक्के शिरला की विटकर. आरजीबी (स्क्रीनच्या रंगांची) फाइल तशीच बदलून घेतली की हा सायन आपोआप शिरतो. तोच झळाळता रंग हवा असेल तर पाचवी प्लेट (प्रत्येक रंग छापणारा वेगळा पत्रा) लावा, पॅंटोन ऑरेंज ०२१ सारखा स्पेशल कलर. चार रंगांच्या मशीनवर त्यासाठी शीट दुसऱ्यांदा चालवावी लागते आणि दुसऱ्या फेरीत शीट ताणलेली असेल तर रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) हलतं. म्हणून स्पेशल रंगाला बारीक कडा देऊ नका, ०.२ मिमी तरी ट्रॅप (एका रंगाचा दुसऱ्यावर चढाव) ठेवा.

जलरंगाचं चित्र असेल तर आणखी एक. स्कॅनमध्ये कागदाचा पांढरा भाग पांढरा नसतो, त्यात दोन-तीन टक्के ठिपका असतो. तो साफ केला नाही तर चित्राभोवती मळकट चौकोन छापला जातो. प्रूफला (नमुना प्रतीत) दिसत नाही, बोर्डावर दिसतो.

आता पांढऱ्या डब्याबद्दल. बर्फीत खवा आणि तूप. बोर्ड स्निग्धांश शोषतो आणि एप्रिल-मे मध्ये इथे पारा ४४-४५ वर गेला की तूप आणखी सुटतं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर दोन दिवसांत तेलकट डाग उमटेल. नारंगीवर तोच डाग लपतो.

डायलाइन

@ऑफसेटवाला डाग लपवणं हे डिझाइनचं काम नाही, डाग पडू न देणं हे आहे. आत पीई (प्लास्टिक) लेपाचा ट्रे किंवा ग्लासिन (तेल झिरपू न देणारा) कागद घाला, कडा डब्याच्या भिंतीवर किमान २० मिमी वर येऊ द्या. नुसता तळाला चौकोन ठेवला तर तूप कोपऱ्यातूनच झिरपतं. तसाही डुप्लेक्स बोर्डाचा करडा मागचा भाग रद्दीच्या लगद्याचा असतो, पदार्थ त्याला थेट टेकवूच नये. २०१८ च्या अन्न पॅकेजिंग नियमांत छापील बाजू पदार्थाला थेट लागू न देण्याचंही बंधन आहे.

@कुंचला_महाल फळाचं म्हणणं पटलं, सुरीचा मुद्दा खासच. पण तुमचं सोललेलं संत्रं तीन महिन्यांत सगळे नक्कल करतील. अक्षरलेखनाची नक्कल लगेच पकडली जाते, कारण तिथे नाव बदलावं लागतं.

इतवारी_काउंटर

वरचं झाकण कोण पाह्यते भाऊ? दुकानात डबे एकावर एक दहा-बारा रचलेले राह्यते. गिऱ्हाइकाला दिसते ते ३० मिमीची बाजू. तुम्ही सगळे ते १५० × १५० च्या वरच्या चौकोनासाठी भांडून राह्यले, तो तर फक्त सगळ्यात वरच्या एका डब्याचा दिसते. बाजूच्या पट्टीवर काय असते? काहीच नाही, नाहीतर पत्ता, फोन नंबर आणि बारकोड. म्हणजे जे तोंड आहे त्याच्यावर काहून पत्ता छापता, अन् जे डोक्यावर आहे त्याच्यावर चित्र?

दुसरं, ज्या बाजूवर नाव हाय ती बाजू पोऱ्या समोर ठेवीलच असं नाही. घाईत डबा कसाही लागते. चारही बाजूंवर नाव पाह्यजे.

अक्षरवळण

इतवारीकरांचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात कामाचा. आता ३० मिमीच्या पट्टीत ‘संत्रा बर्फी’ बसवून बघा, म्हणजे देवनागरी काय चीज आहे ते कळेल.

या दोन शब्दांत सगळी गर्दी शिरोरेषेच्या वर आहे: ‘सं’चा अनुस्वार, ‘र्फी’चा रफार, आणि तो रफार दीर्घ वेलांटीच्याच डोक्यावर बसतो. खाली एकही उकार नाही. त्यामुळे सॉफ्टवेअरने ‘मध्यभागी’ ठेवलेलं नाव पट्टीत खाली बसलेलं दिसतं, कारण वरची मोकळी मात्रा-जागाही ते उंचीत धरतं आणि डोळा मात्र शिरोरेषेपासून पायापर्यंतचं अंगच मोजतो. हाताने दीड-दोन मिमी वर सरकवा. मग खाली ‘नागपुरी’ लिहायचं झालं तर ‘पु’चा उकार हवेत लोंबतो, त्याला वेगळी जागा लागते. ३० मिमीतून दोन्ही घड्यांपासून ३-३ मिमी सोडले की हातात २४ उरतात. मात्रांसकट नाव १८ मध्ये बसवायचं, म्हणजे अंगाची उंची ११-१२ मिमी. धागाकर्त्याचे १४ मिमी बाजूवर बसणार नाहीत.

इंग्रजीच्या सवयीने अक्षरांतलं अंतर वाढवू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द दातांच्या फटींसारखा दिसतो. नारंगीवर पांढरी अक्षरं सोडणार असाल तर ‘त्र’ची तिरकी रेघ तपासा. शाई पसरल्यावर ती बारीक होते. उलट्या छपाईत कुठलीही रेघ अर्ध्या पॉइंटखाली नको, आणि लहान अक्षरं चार रंगांच्या मिश्रणातून तर मुळीच नकोत. पत्ता-घटक हा मजकूर फक्त काळ्या प्लेटवर.

एक बारीक गोष्ट, जी निम्म्या डब्यांवर चुकते. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतील तर मजकुराची भाषा मराठी निवडल्यावरच मराठी रूप येतं. आणि फाइल प्रेसला देण्याआधी ऱ्हस्व वेलांटी बघा. दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोझर (सॉफ्टवेअरमधली अक्षरजुळणीची सोय) चालू नसेल तर ‘मिठाई’ची वेलांटी ‘म’च्या मागे जाऊन बसते. तपासून मगच अक्षरांचं आउटलाइनमध्ये (नुसत्या आकृतीत) रूपांतर करायचं. नंतर चूक दिसली तरी दुरुस्ती हाताने.

नियम_काटेकोर

मराठी डब्याचा उत्साह ठीक, पण सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागतो, मराठी त्याच्या जोडीला. एमआरपी, निव्वळ वजन, घटक, उत्पादकाचा पत्ता, ग्राहक तक्रार संपर्क ही जागा आधी आखा, उरलेली चित्राला. बहुतेक ठिकाणी उलट होतं आणि मग शेवटी शाकाहारी खुणेचा हिरवा ठिपका पानांवर चिकटवतात. तो ठळक उठून दिसणाऱ्या पार्श्वभूमीवर आणि नावाजवळ हवा. दर्शनी भाग १०० ते ५०० चौ. सेमी असेल तर ठिपक्याचा व्यास किमान ४ मिमी, चौकटीची बाजू त्याच्या दुप्पट. १०० पर्यंत असेल तर ३ मिमी. हिरव्या पानाला लागून हिरवा ठिपका म्हणजे असून नसल्यासारखा.

बारकोड नारंगी किंवा लाल रेघांत छापू नका. स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला त्या रेघा पांढऱ्याच दिसतात. नारंगी पार्श्वभूमीवर काळ्या रेघा मात्र चालतात. ईएएन-१३ या नेहमीच्या तेरा अंकी बारकोडचं पूर्ण माप ३७.२९ × २५.९३ मिमी, ८० टक्क्यांच्या खाली नको. डावीकडची मोकळी जागा उजवीपेक्षा जास्त लागते, तीच कापली जाते. तारखेच्या शिक्क्यासाठी ३५ × २० मिमीचा तुकडा लॅमिनेशन-वार्निशविना ठेवा, नाहीतर शिक्का बोटाला लागतो. बारकोड आणि तारीख तळावर टाका, म्हणजे इतवारीकरांची बाजू मोकळी राहील.

कुंचला_महाल

मग २४ मिमीच्या पट्टीत माझं संत्रं संपलंच म्हणायचं! नाही. तिथे अख्खं फळ नको, फोडींची ओळ द्या. एक फोड सुमारे २० मिमी लांब, कमान वर, आणि पुढची फोड कोपरा वळून शेजारच्या बाजूवर जाते. डबे रचले की खालच्या-वरच्या फोडी मिळून पूर्ण नक्षी दिसते. अक्षर हे करू शकत नाही, अर्धं अक्षर कोपऱ्यावरून वळवलं तर वाचताच येत नाही.

ऑफसेटवाला

कल्पना देखणी, पण कोपऱ्यावरून चित्र वळवताय तर पंचिंगचा (डबा साच्याने कापण्याचा) फरक धरा. डाय, म्हणजे तो साचा, अर्धा ते एक मिमी इकडेतिकडे सरकतोच. फोडीची टोकाची बारीक रेघ घडीवर आली तर एका डब्यावर ती या बाजूला, दुसऱ्यावर त्या बाजूला. घडीवर फोडीचं जाड पोट येऊ द्या, मग एक मिमी कोणाला दिसत नाही. बोर्डाचा ग्रेनही (तंतूंची दिशा) बघा. चुकीच्या दिशेचा असेल तर पावसाळ्यात भिंती फुगतात आणि झाकण अडकतं. झाकण तळापेक्षा दोन्ही बाजूंचं मिळून दीड-दोन मिमी मोठं ठेवा. पेस्टिंगची (चिकटवायची) पट्टी १२ मिमी, तिच्यावर ना शाई ना लॅमिनेशन. नाहीतर गोंद धरत नाही आणि डबा उन्हाळ्यात आपोआप उघडतो.

डायलाइन

फोडींची ओळ मान्य. बाजूवर चित्र, वर फक्त अक्षर, इथपर्यंत येतो. पण पार्श्वभूमी नारंगी नकोच, हे सोडणार नाही. काचेमागे उन्हात ठेवलेल्या डब्यांचा पिवळा आणि मजेंटा आधी उडतो. नारंगी रंग बनतो त्याच दोघांचा. महिन्या-दोन महिन्यांत सगळा डबा फिका. गर्द निळ्या पार्श्वभूमीवर छोट्या नारंगी फोडी ठेवा. नारंगी आहे त्याहून उजळ दिसेल आणि निळा टिकेल.

इतवारी_काउंटर

निळा? गिऱ्हाईक म्हणीन हे काय, बर्फी हाय का साबण?

अक्षरवळण

निळ्यावर पांढरं नाव सुंदर दिसेल, पण निळ्यासाठी सायन १००, मजेंटा ८० आणि वर काळाही ओतणार असाल तर ‘त्र’ची तिरकी रेघ तीन प्लेटांच्या रजिस्टरवर अवलंबून राहील. निळाच हवा तर तोच स्पेशल कलर करा आणि नारंगी चार रंगांत काढा. फोडी छोट्या आहेत, तिथे झळाळी थोडी कमी पडली तरी चालेल.